आतली नळी

अण्णांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता आणि धर्माबादेत मिरचीची आवक जोरात होती. या दिवसांत आमच्याकडे आलेला पाहुणा स्टेशनवरच शिंकायला लागतो. अण्णांनी उभा जन्म अडतीवर मुनीमकी केली. मिरचीच्या ढिगाशेजारी बसून ते निवांत डबा खायचे.

नांदेडपेक्षा निजामाबाद जवळ, म्हणून बासरचा पूल ओलांडून गाडी तिकडे नेली. मेंदूत जिथून श्वास आणि गिळणं चालतं, नेमकी तिथंच गुठळी अडकली होती. तोंडातून नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलं. आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गळ्याला छिद्र करून तिथून नळी बसवावी लागेल. खोकला नाही, गिळणं नाही, लाळ फुप्फुसात उतरते. तोंडातली नळी फार दिवस ठेवली तर स्वरयंत्राला इजा होते.

मी चार दिवस सही केली नाही. मामा म्हणाले, "नरडं कापलेला माणूस घरी येतो का कुठं?" शेवटी आईच म्हणाली, "कर बाबा सही. मुकं तर मुकं, माणूस असू दे."

त्या चार दिवसांनी मला वर्षभर छळलं. मग कधीतरी वाचनात आलं की जर्मनी आणि अमेरिकेत स्ट्रोकच्या 382 गंभीर रुग्णांवर याचाच अभ्यास झाला होता, 2022 साली तो प्रसिद्धही झाला. काहींना पाच दिवसांच्या आत छिद्र केलं, काहींना दहा दिवस थांबून, तेही गरज उरली तरच. सहा महिन्यांनी दोन्हीकडचा निकाल जवळपास सारखाच. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

व्हेंटिलेटर हळूहळू सुटला. आधी तासभर, मग दिवसभर. सिस्टर कानाशी सांगायच्या, "ऊपिरि तीसुकोंडि", श्वास घ्या. तेलुगू अण्णांना मराठीइतकंच कळतं.

सुट्टी झाली ती मात्र घाईत. महिनाभर आम्हाला कशाला हात लावू दिला नव्हता आणि शेवटच्या दिवशी सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं, एकदाच दाखवलं, तेही फोनवर बोलत बोलत. कॅथेटर आत जाताना ओढ बंद, बाहेर काढताना चालू, दहा-पंधरा सेकंदांत काम आटोपायचं. मी स्वतःचाही श्वास रोखून धरायचो. मला सोसवेना झालं की त्यांनाही सोसवत नाही, एवढं कळायचं.

खरी परीक्षा हवेची होती. नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओलावतं. गळ्यातल्या छिद्राला यातलं काही येत नाही. रस्त्यावरून मिरचीचा ट्रक गेला की अण्णांना उबळ यायची आणि बेडका नळीतून उडून समोरच्या भिंतीवर. नळीपुढं ओली गॉज बांधली, खिडक्या बंद केल्या. दोन महिने आमच्या फोडणीत मिरची पडली नाही. धर्माबादेत ही बातमी होते.

एका रात्री लाईट गेलेली. शीळ घातल्यासारखा आवाज आला म्हणून उठलो. बॅटरीच्या उजेडात अण्णांचे ओठ निळसर दिसले. पायाने चालवायचं सक्शन घेतलं, पण कॅथेटर आत जाईना. हातपाय गळाले. मग आठवलं की नळीच्या आत नळी असते. ती फिरवून ओढली. तिच्या टोकाला वाळलेल्या डिंकासारखा, बोराच्या बीएवढा खडा बसला होता. बाहेरच्या नळीतून हवा भस्सकन आत गेली. आई तिथंच भुईवर बसली.

जूनमध्ये तपासणीला नेलं. डॉक्टरांनी नळीचा फुगा रिकामा करून छिद्रावर बोट ठेवलं आणि बोलायला सांगितलं. हवा कंठातून वर चढली. चार महिन्यांनी अण्णांचा आवाज फुटला, घोगरा आणि चिडका: "हात काढ." डॉक्टर हसत सुटले. मग एक दिवस-रात्र नळीला टोपण लावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी ती काढली. नुसत्या पट्टीखाली छिद्र दहा-बारा दिवसांत मिटलं.

तुमच्या घरी असा रुग्ण येणार असेल तर सुट्टीच्या कागदावर सही करण्याआधी सिस्टरसमोर उभं राहून सक्शन स्वतःच्या हाताने चार वेळा करा. आतली नळी काढून, धुऊन, परत बसवून दाखवा. घरातल्या दोघांनी तरी शिका, कारण एकाला कधीतरी झोप लागतेच.