दुराव्यानंतरचा सूर

सचिनदेव बर्मन आणि लता मंगेशकर यांच्यात १९५७च्या सुमारास दुरावा आला आणि काही वर्षे त्यांचे एकत्र काम थांबले. त्या दुराव्याची कारणे रसिकांनी पुष्कळ चघळली आहेत. मला कुतूहल वाटते ते मधल्या वर्षांचे, कारण ती रिकामी गेली नाहीत. 'काला पानी' (१९५८), 'सुजाता' (१९५९) अशा चित्रपटांतून आशा भोसले यांचा आवाज बर्मनदांकडे फुलत गेला.

पुनर्भेटीची ठळक खूण म्हणजे बिमल रॉय यांचा 'बंदिनी' (१९६३). नूतनच्या कल्याणीसाठी लताबाई गायल्या; शब्द तेव्हा नवख्या असलेल्या गुलजारांचे. गोरेपण देऊन काळोखाचा रंग मागणारी ती संकोची अभिसारिका! पण त्याच चित्रपटात तुरुंगातल्या स्त्रीची माहेरओढ आशाबाईंच्या गळ्यातून येते. आपल्या जात्यावरच्या ओवीशी तिचे नाते सहज जुळते. म्हणजे लताबाई परतल्या तेव्हा ते घर पूर्वीचे उरले नव्हते; दरम्यान तिथे दुसराही सूर नांदू लागला होता.

महाविद्यालयात माझ्याबरोबर भावगीते गाणारी मैत्रीण वीस वर्षांनी भेटली, तेव्हा आम्ही नकळत जुनीच काळी पाच धरली. दोघींचेही आवाज वर पोहोचेनात. मग काळी तीनवर उतरलो आणि गाणे लागले. मात्र ते आमचे पूर्वीचे गाणे नव्हते. स्मरणरंजनाला भूतकाळ जसाच्या तसा परत हवा असतो. पुनर्भेट तो देत नाही; मधली वर्षे सामावून घेणारी नवी पट्टी तेवढी देते. ती स्वीकारता आली, तरच पुन्हा एकत्र गाता येते.