बोलण्यातल्या इंग्रजीस

प्रिय इंग्रजी,

चार माणसांत बसून बोलताना लागतेस, त्या तुला हे पत्र. मराठी शाळांत पूर्वी तू पाचवीत भेटायचीस. २००० साली पहिलीतच आलीस. म्हणजे ओतूर, मंचर, घोडेगावच्या शाळेतलं पोर दहावी होईतो दहा वर्षं तुझ्या सहवासात असतं. निबंध लिहितं, गाळलेल्या जागा भरतं. समोर माणूस उभा राहिला की मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

खोडदला जीएमआरटी या खगोलशास्त्र केंद्रात ४५ मीटर व्यासाच्या दुर्बिणी आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं शाळांची मुलं प्रयोग मांडतात. मांडणी झकास, पाठ केलेली इंग्रजी वाक्यंही घडाघडा. पाहुण्यानं मध्येच 'व्हाय?' म्हटलं की गाडी अडते. उत्तर त्या पोराला ठाऊक असतं, मराठीत विचारा, हातवारे करून सांगेल. तुझ्यात सांगताना क्रियापद चुकेल, लोक हसतील, ही धास्ती. आणि ती आम्ही मोठ्यांनीच घातली. चुकीखाली लाल रेघ ओढायला वेळ होता, मुलांना बोलतं करायला नव्हता.

जे धीर करून बोलतात, त्यांच्या तोंडी तू अर्जातली येतेस. पावसाळ्यात लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर परदेशी पाहुण्याला 'सर, यू आर काइंडली रिक्वेस्टेड टू वॉक केअरफुली' सांगेपर्यंत तो घसरलेला असायचा! 'केअरफुल, इट्स स्लिपरी' एवढं पुरे. उच्चार जुन्नरी असला तरी बिघडत नाही, पाहुण्याला कळतो. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला. पाणी हवं का, वाट इकडून आहे, गाडी किती वाजता सुटते, एवढं सहज बोलता येणाऱ्या पोरांना इथं काम मिळू शकतं.

परकी भाषा धरण्याची या डोंगरांना नवलाई नाही. सातवाहनकाळात इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे परदेशी माणसानं, जुन्नरच्या लेण्यांत पाण्याची दोन टाकी दान दिली आणि ते दान इथल्या प्राकृतात कोरवलं. त्यानं इथली भाषा धरली म्हणून त्याचं काही उणं झालं नाही. तुला धरल्यानं आमच्या मराठीचंही होणार नाही. घरात, शेतात, कीर्तनात ती आहेच.

पत्र तुला असलं तरी मागणं गुरुजींकडे आणि बाईंकडे आहे. इंग्रजीच्या तासाला रोज दहा मिनिटं वह्या मिटू द्या. मुलांना बाजारावर, बिबट्यावर, कालच्या क्रिकेटवर इंग्रजीत बोलू द्या, आणि त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत मध्ये चूक काढू नका.

तुझा,
एक जुन्नरकर