शोलापूर शोधा, सोलापूर सापडेल

दोन वर्षांपूर्वी सोलापूरच्या दुष्काळांवर पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी आमच्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात आली, ती रडवेली होऊनच. "मॅडम, आठ दिवस झाले, जुने तक्ते शोधतेय. एकोणिसाव्या शतकातलं सोलापूर कुठेच नाही." रोमन अक्षरांत तिनं आजचं स्पेलिंग टाकलं होतं. मी त्यात एक 'एच' घातला. इंग्रजी दप्तरात या गावाचं नाव शोलापूर होतं, आणि डेटाबेस अक्षरं जुळवतो, त्याला गाव कळत नाही. 1884 चं जिल्हा गॅझेटिअर, 1881 आणि 1891 च्या शिरगणतीचे अहवाल लगेच समोर आले.

म्हणून मी प्रत्येक नव्या संशोधकाला आधी एक वही करायला सांगते. विषयातल्या प्रत्येक नावाची जुनी रूपं त्यात लिहायची. पुण्यासाठी पूना, ठाण्यासाठी ठाणा. आजचा जळगाव जिल्हा हवा असेल तर पूर्व खानदेश, धुळ्यासाठी पश्चिम खानदेश. आणि 1906 च्या आधी गेलात तर नुसतं खानदेश. दुष्काळाबरोबर टंचाई, तगाई, जमीन महसूल हेही शब्द घ्यायचे, कारण अधिकाऱ्यानं कोणत्या मथळ्याखाली नोंद केली असेल ते आपल्याला ठाऊक नसतं. ही वही भरायला आठवडा लागतो. तो आठवडा पुढचे महिने वाचवतो.

संशोधन-नियतकालिकांच्या वर्गणीची अडचण आता पुष्कळ हलकी झाली आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्रानं नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक आणि जवळजवळ 13,000 नियतकालिकं. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयाला हे दार उघडणं ही मोठीच गोष्ट आहे. पण 1877 साली करमाळ्यात काय पिकलं, हे मूळ आकडे तिथं शोधू नयेत. त्यासाठी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयानं स्कॅन करून खुले ठेवलेले जुने सरकारी अहवाल पाहावेत, जनगणना खात्याचे डिजिटल तक्ते पाहावेत. दोन्ही फुकट आहेत.

आकडे मिळाले की घाई होते, आणि चुका तिथंच होतात. 1891 चा सोलापूर जिल्हा आणि 1961 चा सोलापूर जिल्हा शेजारी मांडून वाढ काढणारे प्रबंध मी वाचले आहेत. मधल्या काळात अक्कलकोट संस्थान जिल्ह्यात आलं, सांगली संस्थानातलं मंगळवेढं आलं. तिथली माणसं जन्मानं वाढलेली नव्हती, हद्द सरकली होती. तक्त्याखालची बारीक टीप वाचल्याशिवाय एकही आकडा उचलू नये. शिवाय स्कॅन केलेल्या पुसट पानावरचा 3 यंत्राला 8 वाटतो. त्या मुलीनं माझ्या सांगण्यावरून प्रत्येक तक्त्यात तालुक्यांची बेरीज करून ती जिल्ह्याच्या आकड्याशी ताडून पाहिली. कंटाळवाणं काम, पण यंत्रानं चुकीचे वाचलेले आकडे त्यातूनच सापडले.

आता मराठीतून लिहिणाऱ्यांविषयी, कारण त्यांच्या श्रमांचं जे होतं ते माझ्या मनाला फार लागतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर देशभरातले पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. त्यांत मराठीतलेही आहेत, पण कुणी शीर्षक देवनागरीत दिलेलं असतं, कुणी रोमनमध्ये, तेही मनाला येईल त्या स्पेलिंगनं. पानांचं नुसतं चित्र असलेली पीडीएफ असेल तर आतला मजकूर शोधात येतच नाही. पाच वर्षं खपून गोळा केलेली माहिती पुढच्या माणसाच्या हाती लागत नाही, आणि तो तेच काम पुन्हा सुरू करतो.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी प्रबंध सादर करणार असेल, तर शीर्षक आणि कीवर्ड देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही द्या. गावांची जुनी नावंही लिहा. फाइल युनिकोडमध्ये टाइप केलेली द्या, आणि ग्रंथालयात देण्यापूर्वी त्यातला एखादा मराठी शब्द शोधून सापडतो का ते स्वतः पाहा.