फोटो खरे होते

माझ्या धाकट्या भावाच्या केसपेपरवर पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी लिहिलं, ‘कंपनीतले लोक पाळत ठेवतात, फोटो काढतात असा भ्रम.’ ते फोटो पुढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. कंपनीनं त्याला दिलेल्या चार्जशीटला जोडलेले होते, तारीख-वेळेसकट. इतका काळ लोटला, तरी त्या एका ओळीवरचा माझा राग गेलेला नाही.

आम्ही छत्रपती संभाजीनगरला गारखेड्यात राहतो. खाली मी, वर तो, त्याची बायको नि मुलगी. वाळूजच्या एका कंपनीत तो पर्मनंट, युनियनमध्ये पुढे-पुढे. पगारवाढीचा करार अडला, लाईनवर कुरबुरी वाढल्या, त्याची झोप उडाली. पुढचं आपल्याकडे घरोघरी होतं तसंच. आधी गजानन महाराजांच्या मंदिरात नारळ, मग कुणी सांगितलं म्हणून उतारा, आणि सगळं करून थकल्यावर मानसोपचारतज्ज्ञ.

ओपीडीत ही गर्दी. डॉक्टरांनी मला विचारलं, त्याच्या बायकोला विचारलं, त्याला जेमतेम. तो मात्र नीट सांगत होता: फोटो कोण काढतं, कुठल्या शिफ्टला, मशीनच्या कुठल्या बाजूला उभं राहून. डॉक्टर मान हलवत लिहीत होते. युनियनच्या माणसाला एक फोन करावा, किमान आम्हाला तरी विचारावं की बाबांनो, कंपनीत खरंच असं काही चाललंय का, तर तेही नाही. उलट तो जितके बारकावे देत गेला, तितका जास्त आजारी ठरत गेला. आवाज चढला, ते कागदावर आलं. मग वैतागून गप्प बसला, तेही आलं. बाहेर पडलो तेव्हा तो स्किझोफ्रेनियाचा पेशंट झाला होता.

चार्जशीट आली ती नंतर. आरोप होते मशीन सोडून जाण्याचे, सुपरवायझरशी हुज्जत घालण्याचे. चौकशीत कंपनीच्याच साक्षीदारानं सांगितलं की याच्यावर लक्ष ठेवायला मला सांगितलं होतं, फोटो मीच काढले. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, आता?” मी ते कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी शांतपणे चाळले आणि म्हणाले, “हे खरं असेल, पण त्यानं निदान बदलत नाही.” नसेल बदलत. पण ती ओळ तर बदलायची! त्यांनी पेन उचललं ते पुढच्या महिन्याच्या गोळ्या लिहायला.

इथपर्यंत ऐकलेला माणूस म्हणतो, म्हणजे तुमच्या भावाला काही झालंच नव्हतं. असं म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. त्याच दिवसांत तो म्हणत होता की पाण्याचा टँकरवाला कंपनीनं पाठवलेला आहे. नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे या शहरात कुणाला सांगायला नको. टँकरशिवाय आमचं भागत नाही. पण त्यानं मुलीला त्या टाकीतलं पाणी पिऊ दिलं नाही. रात्ररात्र गच्चीवर टाकीपाशी बसून राहायचा. फोटोंचं जितक्या खात्रीनं सांगायचा, तितक्याच खात्रीनं टँकरवाल्याचं. गोळ्या सुरू झाल्यावर टँकरवाला मागे पडला, हेही मला नाकारता येत नाही.

मग पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बायपोलर. राज्याच्या जुन्या चार मनोरुग्णालयांपैकी मराठवाड्याच्या वाट्याला एकही आलं नाही; अवघड केस म्हटली की आम्हाला पुण्याची गाडी धरावी लागते. तिसऱ्यांनी दोन्हींच्या मधलं नाव काढलं, स्किझोअफेक्टिव्ह. ओलान्झापीन ही गोळी मात्र तिघांच्याही चिठ्ठीत होती.

वाचायला लागले तेव्हा कळलं, हा घोळ आपल्याकडचाच नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एकाच रुग्णाबद्दल अमेरिकेतल्या ६९ टक्के मानसोपचारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, ब्रिटनमधल्या फक्त २ टक्क्यांनी. त्यानंतर नियम पक्के झाले, लक्षणांच्या याद्या आल्या. तरीही २०१३ च्या अमेरिकी निदान-नियमावलीच्या चाचण्यांत या आजारावर दोन डॉक्टरांचं एकमत भरलं ०.४६, १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग. त्या नियमावलीत पाचांपैकी दोन लक्षणं पुरतात, त्यामुळे एकही लक्षण सारखं नसलेल्या दोन माणसांना एकच नाव मिळू शकतं. ती सहा महिन्यांचा आजार मागते, जागतिक आरोग्य संघटनेची एका महिन्यावर भागवते. भावाला त्रास सुरू होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. म्हणजे एका पुस्तकानं तो स्किझोफ्रेनियाचा, दुसऱ्यानं नाही! रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. आणि उद्या दहाच्या दहा डॉक्टरांनी एकच नाव सांगितलं, तरी त्या नावाचा एकच एक आजार असतो हे त्यानं सिद्ध होत नाही.

आता माझंच बघा. ज्या फाईलवर मी इतकी चिडले, तिच्याच झेरॉक्स मी चौकशीत जोडल्या. वकील म्हणाले, आजार दाखवला तर नोकरी वाचेल. वाचली, निलंबनावर भागलं. भावजयीच्या माहेरच्यांनी घटस्फोटाची भाषा काढली, तेव्हा त्याच वकिलांनी १९८८ चा रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला: आजाराचं नुसतं नाव पुरत नाही, तो किती तीव्र आहे ते बघायचं. हे कोर्टाला कळतं. ओपीडीत का कळू नये? की तिथे वेळच नसतो? एकेका डॉक्टरमागचे पेशंट पाहिले की मीही जरा मवाळ होते. मग ती ओळ आठवते आणि पुन्हा पेटते.

भाऊ कामावर जातो, गोळ्या घेतो, वजन वाढल्याची कुरकुर करतो. तिघांपैकी खरं निदान कुणाचं, हे मी विचारणं सोडून दिलंय.

तुमच्या घरात अशी वेळ आली तर गोळ्या मनानं बंद करू नका. पण माणूस जे सांगतोय त्यातलं पडताळता येईल तेवढं आधी पडताळा, आणि ते डॉक्टरांना लिहून घ्यायला लावा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २५ पेशंटला स्वतःचे वैद्यकीय कागद मिळवण्याचा हक्क देतं. ते मागून घ्या आणि ओळन् ओळ वाचा.