संकेश्वरच्या अलीकडचं ग्रहण

लोक दुसऱ्याच्या बंगल्याचा हेवा करतात, बढतीचा करतात. आमच्या अण्णांना हेवा वाटायचा तो २२ जानेवारी १८९८ या दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर गावी हजर असलेल्या माणसांचा. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून घाट चढून देशावर आली होती. विजयदुर्गला लॉकियरसाहेब दुर्बिणी रोखून बसला होता आणि जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक नायगमवाला. शेजारी लग्न उरकावं आणि आपल्याला साधं आमंत्रणही नसावं, अशा सुरात अण्णा हे सांगायचे. ते हायस्कुलात शास्त्र शिकवत. स्वतःच्या जन्माआधी झालेलं ग्रहण चुकल्याची खंत बाळगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्यानंतर आपल्या भूमीवर खग्रास दिसणार होतं ते थेट १६ फेब्रुवारी १९८० ला, म्हणजे ८२ वर्षांनी. सावली अंकोल्यापाशी किनाऱ्याला लागणार आणि हुबळी, गदग, रायचूर करत ओरिसाकडे जाणार. कोल्हापूर त्या पट्ट्याबाहेर. पण हुबळी काय, दोनशे किलोमीटरवर. अण्णांनी भाड्याची गाडी ठरवली.

अडचण होती आजीची. ग्रहणात देव पाण्यात ठेवायचे, लोणच्याच्या बरणीवर तुळशीपत्र ठेवायचं, जपाला बसायचं. त्या वेळी उघड्यावर हिंडणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं. आणि ही काही तिच्या एकटीची समजूत नव्हती. त्या दिवशी मुंबईचे रस्तेसुद्धा ओस पडले होते, लोक दारं-खिडक्या लावून बसले होते. पण अण्णा शिक्षक. विद्यार्थी कुठे अडलाय ते त्यांना बरोबर कळायचं. “हुबळीच्या वाटेवर मलप्रभा लागते, आई. मोक्षाची आंघोळ वाहत्या पाण्यात होईल.” आजीने तुळशीची पानं ओल्या फडक्यात बांधली, दर्भाची जुडी घेतली आणि गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसली.

निपाणीपर्यंत सगळं ठीक होतं. अण्णा पुढच्या सीटवरून मागे वळून सांगत होते, खग्रास म्हणजे काय. दिवसा तारे. सूर्याच्या कडेने पांढरं प्रभामंडल. जेमतेम अडीच मिनिटं, पण जन्माचं सार्थक. निपाणी सोडल्यावर गाडीच्या नाकातून वाफ यायला लागली. फॅनबेल्ट तुटला होता. जादा पट्टा नव्हता. ड्रायव्हरने सुतळी वळून बघितली. मग त्याने जमिनीकडे बघत विचारलं, वहिनींकडे एखादी मजबूत नाडी असेल का? आईने गाडीच्या आडोशाला जाऊन परकराची नाडी काढून दिली. ती पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत टिकली. तेवढ्या वेळात इंजिन असं तापलं की पाणी ओतल्यावर आतून तडकल्याचा आवाज आला. ड्रायव्हरने बॉनेट लावून टाकलं. बॉनेट लावण्याची एक पद्धत असते, तीवरून पुढचं सगळं कळतं.

ड्रायव्हर निपाणीच्या बाजूला परत चालत गेला. अण्णा रस्त्याच्या मधोमध उभे राहून हात करत राहिले. पण ग्रहणाच्या दिवशी दुपारी हमरस्त्यावर कोण येणार? आलेले दोन ट्रक न थांबताच गेले. अण्णा मिनिटाला घड्याळ बघत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम मला अजून दिसतो. शास्त्राचा तास बुडाल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा मुळीच नव्हता, त्याहून वाईट होता.

रस्त्याला लागूनच उसाच्या फडात गुऱ्हाळ चालू होतं. वासाने आम्ही पोरं तिकडे ओढले गेलो. वेध लागलेले, म्हणून आजीने सकाळपासून कुणाला काही खाऊ दिलं नव्हतं आणि डबेही घेऊ दिले नव्हते. चुलवाणात चिपाडं सारणारा पोऱ्या, काहिलीवर फावडं घेऊन उभा असलेला गुळव्या, आणि भेंडीचं पाणी टाकल्यावर रसावर दाटून येणारी काळपट मळी. आजी मागून आली. ग्रहण लागलेलं असताना चूल पेटती ठेवणारी ही माणसं कोण, हे बघायला.

“आजी, गिराण लागलं म्हणून रस थांबतोय व्हय?” गुळव्या मान वर न करता म्हणाला. “आत्ता उतरवला तर न्हाई गूळ, न्हाई काकवी. मालक माझंच गिराण करंल.”

आजीने विचार केला. मग फडकं सोडलं, तुळशीचं एक पान काढलं आणि त्या परक्या, उकळत्या काहिलीत सोडलं. गुळव्याने फावडं टेकवून हात जोडले. प्रश्न मिटला. आम्हाला पळसाच्या पानावर कोमट गूळ मिळाला. त्याला आजीने हरकत घेतली नाही, तुळशीतून आलेला होता ना.

अण्णा शेवटी रस्ता सोडून आले, काजळी धरलेल्या काचा हातात घेऊन. (त्या काचांनी सूर्य बघू नये हे आज शाळेतलं पोरही सांगेल. आमचे डोळे शाबूत राहिले, ते नशीब.) सूर्याचा मोठा लचका गेलेला होता. ऊन विचित्र झालं होतं. कमी नव्हे, पातळ. सावल्यांच्या कडा कातरल्यासारख्या धारदार. आम्ही सगळे माना वर करून काचेतून बघत होतो. आजी मात्र सूर्याकडे पाठ करून, चिंचेखाली जप करत बसली होती. ग्रहण बघायचं नाही, हा तिचा नेम होता.

“अरे, हे काय पडलंय बघा.”

चिंचेखाली गुळाच्या ढेपा बांधायची पांढरी फडकी धुऊन वाळत पसरली होती. त्यांच्यावर कोरी होत्या. शेकडो. प्रत्येक पानाच्या फटीतून एकेक सूर्य गळून आला होता आणि तितकाच खाल्लेला होता. वारा आला की सगळ्या कोरी एका दिशेने हलायच्या. गुळव्याचा पोऱ्या त्या हाताने झाडायला गेला, तर त्या त्याच्या हातावर चढल्या. आजीच्या पाठीवर होत्या, माळेवर होत्या. अण्णांनी घरून खोका आणला होता, त्याला सुईने भोक पाडून हीच प्रतिमा पडद्यावर पाडायची म्हणून. तो त्यांनी उघडलाच नाही. मुलांना फळ्यावर वर्षानुवर्षं समजावलेली गोष्ट एका चिंचेने करून दाखवली होती, आणि ती सापडली होती न बघण्याचा नेम केलेल्या बाईला.

पावणेचारच्या सुमारास कोर दोऱ्याएवढी उरली. गार वारा सुटला, बगळे रांगेने परत निघाले, चुलवाणाचा जाळ एकदम लाल दिसायला लागला. डोक्यावर, भर दुपारी, शुक्र लागला. अण्णा पुटपुटत होते, आता मिटेल, आता मिटेल. ती मिटली नाही. दोऱ्याची तार झाली आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा जाड व्हायला लागली. खाली दक्षिणेला, कित्तूर-धारवाडच्या अंगाला, क्षितिजावर एक जांभळा पट्टा बराच वेळ होता. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. तिथे खरं ग्रहण चाललं होतं.

मोक्ष झाल्यावर ढेपा न्यायला आलेल्या बैलगाडीत आम्ही संकेश्वरला गेलो, ढेपांवर बसून. मलप्रभेऐवजी हिरण्यकेशीत आजीने अंघोळ केली. काठावर भिकारी ओरडत होते, “दे दान, सुटे गिऱ्हाण.” आजीने त्यांना गुळाचे खडे वाटले.

अण्णांनी ही सहल कधी पुरी झालेली मानली नाही. १९९५ चं खग्रास दिवाळीत, उत्तरेत. सुट्टी होती, पैसे नव्हते. २००९ ला ते जिद्दीने सुरतेला गेले, तर वर पावसाळी ढग. काळोख तेवढा झाला. घरात मात्र ग्रहणाची गोष्ट सांगायचा हक्क आजीने घेतला होता. आली-गेली माणसं तिला विचारायची आणि ती जेऊरच्या साहेबांनीही सांगितलं नसतं असं सांगायची. तिच्या गोष्टीत भर दुपारी आभाळभर चांदण्या निघायच्या.

“चांदण्या नव्हत्या, आई,” अण्णा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे. “एकटा शुक्र होता. आणि तू तर पाठ करून बसली होतीस.”

“मग? तुम्ही सगळे वर तोंड करून बसलात, तुम्हाला एक दिसला,” आजी म्हणायची. “माझ्या मांडीवर किती पडले होते, ते विचार की.”