अब्बांच्या गाडीची चावी

अब्बांनी क्षेत्र महाबळेश्वरच्या फाट्यावर टॅक्सी थांबवली आणि मागे बसलेल्या पाहुण्यांना विचारलं, "आता कुठं जायचं?" पाहुण्यांना वाटलं, चाचा थट्टा करतायत. ते हसले. अब्बाही हसले. गाडी मात्र पाचेक मिनिटं तशीच उभी राहिली. हे आम्हाला त्याच संध्याकाळी स्टँडवरच्या एका टॅक्सीवाल्याने घरी येऊन सांगितलं, तेही अम्मी आत गेल्यावर, हळू आवाजात.

आम्ही तिघं भावंडं त्याच्यावरच चिडलो. आर्थर सीटचा रस्ता आणि अब्बा विसरतील? चाळीस वर्षांपेक्षा जास्त काळ या माणसाने महाबळेश्वरचे पॉइंट दाखवले. विल्सनचा सूर्योदय, बॉम्बे पॉइंटचा सूर्यास्त, मधे केट्स, लॉडविक, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन. जूनच्या धुक्यात पुढचं बॉनेट दिसत नाही, तेव्हाही ते हॉर्न देत सरळ घरी यायचे. त्या गाडीवर आमची शिक्षणं झाली, आपाचं लग्न झालं.

पण खरं सांगायचं तर आम्हालाही काही गोष्टी दिसत होत्या. वजू करून आलेले अब्बा पुन्हा वजूला जायचे. मगरिबच्या तीन रकअतींच्या चार व्हायच्या. एकच निरोप दिवसात सहा वेळा विचारायचे. "वय झालं," असं म्हणून आम्ही विषय संपवत होतो. शेजारपाजारचे म्हणाले, असर झालाय. एक तावीज दंडाला बांधला गेला. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, त्याने अब्बा जास्तच गोंधळले. यात आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत अब्बा गाडी चालवत होते, आणि मागे लोकांची मुलंबाळं बसत होती. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो.

शेवटी पसरणी घाट उतरून पुण्याला गेलो. मेंदूच्या डॉक्टरांनी आधी बऱ्याच गोष्टी विचारल्या. आज कोणता वार, शंभरातून सात वजा करा, हे तीन शब्द थोड्या वेळाने पुन्हा सांगा. अब्बांना तीनपैकी एकही शब्द आठवला नाही, पण त्यांनी डॉक्टरांना वेण्णा लेकला चहा प्यायला बोलावलं. मग रक्ताची तपासणी झाली. बी-१२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी माणूस विसरभोळा होतो आणि तो औषधाने सुधारू शकतो, म्हणून हे आधी बघतात. आम्हाला ते कुणी आठ महिन्यांपूर्वी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितो. त्यानंतर एमआरआय.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो. प्रचंड ताकदीचा लोहचुंबक आणि रेडिओ लहरी असतात. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे कण आहेत, ते लहरींना जो प्रतिसाद देतात त्यावरून चित्र तयार होतं. म्हणून अंगावर लोखंड चालत नाही, आणि पेसमेकर असेल तर आधी सांगावंच लागतं. अब्बांची अकीकची अंगठी काढली, घड्याळ काढलं, धातूच्या डबीतला तावीजही काढला. अम्मीने तो पदरात बांधून घेतला. अर्धा तास न हलता पडून राहायचं होतं. आतून ठकठक, घरघर असे आवाज येत होते. बाहेर आल्यावर आम्ही विचारलं, "भीती वाटली का?" म्हणाले, "इंजिन नॉकिंग करतंय त्यांचं. टायमिंग बघायला सांगा."

डॉक्टरांनी पडद्यावर एक काप दाखवला. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत उभी सुरी फिरवावी, तसा. दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आत, एक छोटी गुंडाळी असते. तिचं नाव हिप्पोकॅम्पस, म्हणजे समुद्रघोडा, कारण ती तशी दिसते. तिच्या पुढ्यात बदामाएवढी अ‍ॅमिग्डाला. त्या शब्दाचा अर्थच बदाम. हिप्पोकॅम्पस नव्या आठवणी धरून ठेवतो आणि रस्ते लक्षात ठेवतो. अ‍ॅमिग्डालाचा संबंध भीती आणि भावनांशी. या सगळ्या भागाला लिंबिक सिस्टीम म्हणतात. फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी १८७८ मध्ये मेंदूच्या या कडेच्या भागाला 'लिंबिक' म्हटलं, कारण लॅटिनमध्ये लिंबस म्हणजे काठ. आम्ही महाबळेश्वरची माणसं, आमचे सगळे पॉइंट कड्याच्या काठावरच. त्यामुळे तो शब्द आम्हाला लगेच पाठ झाला.

अब्बांचा समुद्रघोडा दोन्हीकडे आक्रसला होता. जिथे करडा मेंदू हवा तिथे काळं पाणी दिसत होतं. हे आक्रसणं शून्य ते चार अशा अंकांत मोजतात. अब्बांचं तीन होतं. डॉक्टर म्हणाले, नुसत्या चित्रावरून अल्झायमर ठरत नाही. गाठ नाही, रक्तस्राव नाही, हे चित्राने सांगितलं. बाकीचं स्मरणशक्तीची चाचणी आणि तुम्ही सांगितलेली हकीकत यावरून ठरलं. गोळ्या दिल्या. त्याने आजार बरा होत नाही, थोडा सावरतो, हेही स्पष्ट सांगितलं. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. स्टँडवर पुढे चौकशी केली तर आणखी दोन घरं निघाली. तिथेही "वय झालं" एवढंच चाललं होतं.

त्या रात्री भाईला झोप लागली नाही आणि तो मोबाइलवर वाचत बसला. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना सुमारे २५ हजार रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. तिथल्या एलिनॉर मॅग्वायर या शास्त्रज्ञ बाईंनी २००० साली १६ टॅक्सीवाल्यांच्या मेंदूचे एमआरआय छापले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका जास्त. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तर ४४३ धंद्यांमध्ये अल्झायमरने मरण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी कुणाचं, तर रुग्णवाहिका आणि टॅक्सी चालवणाऱ्यांचं. भाईने हे आम्हाला फजरच्या वेळी वाचून दाखवलं आणि फोन उलटा ठेवला. "मग आपल्याच अब्बांना का?" आपा म्हणाली, आकडे सगळ्यांचे मिळून असतात, आपल्या एका घराचे नसतात. आणि कोण जाणे, पॉइंट दाखवत फिरले म्हणूनच इतकी वर्षं निभावले असतील. याचं उत्तर कुठल्याच मशीनकडे नाही.

आम्ही आठ महिने का फसलो, तेही कळलं. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचे गृहस्थ होते. फिट येतात म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांच्या मनात नवी आठवण टिकली नाही. पण आरशात बघून चित्र गिरवायला ते शिकले. आपण हे आधी केलंय हे त्यांना आठवायचं नाही, हात मात्र रोज सुधारायचा. हाताची शिकवण मेंदूच्या दुसऱ्या भागात असते. अब्बांचंही तेच. गिअर, क्लच, घाटातलं वळण, सगळं चोख. कुठं चाललोय, तेवढंच गेलेलं. चालवणं चांगलं म्हणून आम्ही निर्धास्त!

चावी काढून घ्यायचा दिवस फार वाईट गेला. भाईने मागितली, अब्बांनी दिली नाही. आवाज चढले. शेवटी भाईने त्यांच्या हातातून ओढून घेतली. अब्बा ओट्यावर जाऊन बसले. तासाभराने आम्ही चहा घेऊन गेलो तर भांडण त्यांच्या लक्षात नव्हतं, चावीही नव्हती. पण चेहरा तसाच होता. अम्मीला म्हणाले, "आज कुणीतरी मला बोललं. कोण, ते आठवत नाही."

त्यानंतर आम्ही कुठे तरी वाचलं की अमेरिकेतल्या आयोवात हे तपासून झालं आहे. हिप्पोकॅम्पस निकामी झालेल्या रुग्णांना दुःखाचे प्रसंग दाखवले. थोड्या वेळाने ते काय पाहिलं ते विसरले, पण दुःख तसंच उरलं. आम्हाला त्यासाठी आयोवाची गरज नव्हती, ओटा पुरेसा होता. भाई त्या दिवशी जेवला नाही. तेव्हापासून घरात एक ठरलंय की अब्बांना "अहो, आत्ताच सांगितलं ना!" असं कुणी म्हणायचं नाही. पाळलं जातं असं नाही. सीझनमध्ये घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आणि सातव्यांदा तोच प्रश्न आला की जीभ घसरतेच. अम्मीची सगळ्यांत कमी घसरते, आणि सगळ्यांत जास्त काम तिलाच पडतं. आपा म्हणते, अब्बांची तपासणी झाली, अम्मीची कधी करणार? आमच्याकडे त्याला उत्तर नाही. हल्ली महिन्यातून चार दिवस अम्मी आपाकडे वाईला जाते आणि आम्ही पाळी लावतो.

नमाजचं कोडं मशिदीत सुटलं. पेशइमाम म्हणाले, जमातीत आणा, इमामामागे रकअती मोजाव्या लागत नाहीत. आता असर आणि मगरिबला आमच्यापैकी एक जण त्यांच्या बाजूला उभा राहतो. सूरे फातिहा त्यांना अजून पूर्ण येते. उभं राहणं, झुकणं, सजदा, काहीही चुकत नाही.

गाडी भाई चालवतो. अब्बांना आम्ही त्यांच्या पहिल्या अँबॅसडरची चावी दिली. गाडी कधीच भंगारात गेली, चावी अम्मीच्या पेटीत होती. ती ते तसबीहबरोबर खिशात ठेवतात, रात्री उशाखाली. सकाळी उठल्यावर विचारतात, गाडी कुठं लावलीय?

"अंगणातच आहे, अब्बा. भाई आज स्टँडवर नेतोय."

"धुकं असंल," ते म्हणतात. "लिंगमळ्याच्या वळणावर हॉर्न दे म्हणावं."