घोडा कुठून निघाला?

गेल्या सत्रात आंतर-हाउस लेक्चरेट स्पर्धेसाठी मी कर्नल चार्ल्स यंग हा विषय घेतला होता. गोष्ट जोरदार होती. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये, अमेरिकी सैन्याने या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या विकाराचं कारण देऊन निवृत्त केलं. आपण तंदुरुस्त आहोत हे दाखवण्यासाठी जून १९१८ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, ते ओहायोतून घोड्यावर निघाले आणि सुमारे ८०० किलोमीटर अंतर कापून वॉशिंग्टनला पोहोचले.

माझा सराव ऐकून हाउस मास्टर सरांनी एकच प्रश्न विचारला, "घोडा कुठून निघाला?"

"ओहायोतून, सर."

"ओहायो हे अख्खं राज्य आहे. कुठल्या गावातून? आणि तिथूनच का?"

मला सांगता येईना. पुढचे दोन रविवार लायब्ररीत गेले. उत्तर मिळालं : विल्बरफोर्स. तिथे त्याच नावाचं एक छोटं विद्यापीठ आहे.

सहावीत इथे येताना आईने माझ्या ट्रंकेत वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' ठेवलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या शिक्षणसंस्थांविषयी मला ठाऊक होतं ते त्यातलं टस्कीगी तेवढंच. विल्बरफोर्स त्याहून जुनं, १८५६ चं. यादवी युद्धात ते बंद पडलं. तेव्हा १८६३ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च या काळ्या लोकांच्या स्वतःच्या चर्चने ते १०,००० डॉलरला विकत घेतलं. पुढाकार होता बिशप डॅनियल पेन यांचा. तरुणपणी त्यांनी दक्षिण कॅरोलायनात काळ्या मुलांसाठी शाळा काढली होती, पण अशा शिक्षणाविरुद्ध कायदा आला आणि ती बंद करावी लागली. आता ते विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. दोनच वर्षांत मुख्य इमारत जळाली. त्यांनी पुन्हा पैसे जमवले, पुन्हा बांधली.

चार्ल्स यंग यांचा जन्म १८६४ मध्ये केंटकीत, गुलाम आईवडिलांच्या पोटी झाला. वेस्ट पॉइंट या सैनिकी अकादमीतून १८८९ मध्ये पास झालेले ते तिसरे कृष्णवर्णीय कॅडेट. गणितात नापास होऊन त्यांना पहिलं वर्ष पुन्हा करावं लागलं, पण त्याहून कठीण होता एकटेपणा. बहुतेक कॅडेट त्यांना टाळत.

१८९४ मध्ये सैन्याने त्यांना विल्बरफोर्सला सैनिकी शिक्षण शिकवायला पाठवलं. त्यांनी तिथे कॅडेट कोअर वाढवली, बँड उभा केला. त्याच वर्षी लॅटिन आणि ग्रीक शिकवायला ड्यू बॉइस नावाचे तरुण प्राध्यापक आले, पुढे मोठे विचारवंत झाले तेच. चर्चचं विद्यापीठ असल्यामुळे प्रार्थनेला फार महत्त्व होतं. एका प्रार्थनासभेत, आता प्राध्यापक प्रार्थना सांगतील, असं जाहीर झालं आणि ड्यू बॉइस यांनी सरळ नाही म्हटलं. नोकरी जाता जाता राहिली. या दोघांची तिथे जी मैत्री झाली ती शेवटपर्यंत टिकली. यंग यांनी तिथेच घर केलं. निवृत्त केल्यावर ते त्याच घरी परतले होते. म्हणून घोडा तिथून निघाला.

हे वाचताना मला आमच्या मेसमधली एक खुर्ची आठवली.

आठवीत आमच्या सेक्शनमध्ये एक नवीन मुलगा आला होता. लांबच्या राज्यातला, हिंदी जेमतेम. त्याला कुणी मारलं नाही, कुणी त्याचं सामान लपवलं नाही. फक्त जेवताना त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. मीही तिथे बसलो नाही. सहावीत माझ्या हिंदीला सगळे हसले होते, तेव्हा प्रेपच्या वेळी मी वहीआड तोंड लपवून रडलो होतो. तरीही बसलो नाही, कारण त्याच्याजवळ बसलो असतो तर पुन्हा माझ्यावर हसले असते. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला आणि परत आला नाही. त्याची कॉट दुसऱ्याला मिळाली. आम्ही त्याच्याबद्दल बोललोही नाही.

वेस्ट पॉइंटच्या कॅडेटांनीही बहुधा स्वतःला वाईट समजलं नसेल. आम्ही तरी कुठे समजलं?

स्पर्धेत मी घोड्याची गोष्ट एका मिनिटात आटोपली आणि दोन मिनिटं विल्बरफोर्सवर बोललो. यंग यांना सैन्याने पुन्हा सेवेत घेतलं ते ६ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबायला पाच दिवस उरले असताना. ब्रिगेडियर जनरल हे पद मिळालं २०२२ मध्ये, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. हे सांगायला वेळ उरला नाही, घंटा वाजली. नंबर आला नाही. सर एवढंच म्हणाले, "आता घोडा नीट निघाला."

या सत्रात सहावीची नवी बॅच आली आहे. त्यातला एक मुलगा मेसमध्ये टेबलाच्या टोकाला बसतो आणि ताटाकडे बघत जेवतो. परवा मी माझं ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तो घाबरून उभा राहिला, सीनियर रागवायला आला असं त्याला वाटलं. मी त्याला बस म्हटलं आणि गाव विचारलं. त्याने सांगितलं. मला ते नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. मग तो हसला.